परमुलखातला तहसीलदार

कॉन्सुल हा शब्द मी माकणी गावात पहिल्यांदा ऐकला तो एका मुखत्यारपत्रावरून. जमीन गावातल्या एका घराची, चार एकर, तेरणा नदीच्या काठाची. वडील वारले, वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि निलंग्याला दिलेली बहीण अशी चार नावं चढली. पुढे जमिनीचा काही भाग विकायचा ठरला. तिघं जण सहीला हजर होते आणि धाकटा दुबईत. सुट्टी मिळेना, मालक सोडेना. दस्तलेखकानं चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितलं, त्याच्याकडून मुखत्यारपत्र मागवा, पण तिथल्या भारतीय कॉन्सुलसमोर सही झालेलं आणि त्याच्या शिक्क्याचं. म्हातारी आई इतका वेळ गप्प बसली होती. तिनं विचारलं, "कोन असतो बाबा ह्यो कॉन्सुल?" दस्तलेखक क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तिकडचा तहसीलदार समजा, काकू."

गेली काही वर्षं या विषयावर मी जे वाचलं, लोकांना विचारलं, त्यात मला याहून नेमकी व्याख्या सापडली नाही. सरकारी मराठीत कॉन्सुलला 'वाणिज्य दूत' म्हणतात आणि त्याच्या कचेरीला 'वाणिज्य दूतावास'. हा शब्द सामान्य माणसाची दिशाभूल करतो. वाणिज्य म्हटलं की व्यापार डोळ्यांपुढे येतो, आणि आखातात गवंडीकाम करणाऱ्या पोराला वाटतं, आपला त्या कचेरीशी काय संबंध? खरं तर ती कचेरी आहे ती त्याच्यासारख्यांसाठीच.

जुना मराठी शब्द यापेक्षा बरा होता. पेशवाईत परदरबारी राहणाऱ्या आपल्या माणसाला वकील म्हणत. निजामाच्या दरबारात पुण्याचे वकील होते गोविंदराव काळे. त्यांची हैदराबादेहून आलेली पत्रं आजही इतिहासाचे अभ्यासक वाचतात. त्या वकिलाच्या ठाण्याला वकिलात म्हणायचे. पुढे 'वकील' शब्द कोर्टात गेला, 'वकिलात' मात्र परराष्ट्र खात्यात राहिली. परक्या दारी आपली बाजू मांडणारा माणूस, हा अर्थ दोन्हींत कायम आहे.

आमच्या भागाला तर या परराष्ट्र प्रकाराची एक विलक्षण आठवण आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला, पण तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला आणि जानेवारी १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादला गेले. त्यांना राजदूत म्हटलं नाही, कॉन्सुलही म्हटलं नाही. त्यांचा हुद्दा होता एजंट जनरल. राजदूत नेमला असता तर हैदराबाद हे वेगळं राष्ट्र आहे असं मान्य केल्यासारखं झालं असतं. एका हुद्द्याच्या नावात एवढं राजकारण होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं आत शिरलं, १७ ला निजाम शरण आला, आणि मुन्शींच्या त्या पदाचं कामच संपलं. म्हणजे माकणीच्या ज्या म्हाताऱ्यांनी निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांच्या भीतीनं रात्री जागून काढल्या, ते तेरा महिने अशा मुलखात राहत होते जिथे खुद्द भारत सरकारला आपला प्रतिनिधी पाठवावा लागत होता.

राजदूत आणि कॉन्सुल यांतला फरक गावात समजावून सांगायचा तर असा सांगता येईल. राजदूत हा एका सरकारनं दुसऱ्या सरकारकडे पाठवलेला माणूस. त्याचं बोलणं मंत्र्यांशी, राष्ट्रप्रमुखांशी. कॉन्सुलचं काम आपल्या माणसांशी. म्हणून राजदूत राजधानीत एकच असतो आणि कॉन्सुल मात्र जिथे आपली वस्ती दाट तिथे. अमिरातीत आपला दूतावास अबुधाबीला आहे, पण दुबई आणि उत्तरेकडच्या अमिरातींचं काम दुबईचा महावाणिज्य दूतावास बघतो. सौदीत दूतावास रियाधला आणि कॉन्सुलेट, म्हणजे कॉन्सुलची कचेरी, जेद्दाला. आमच्या जिल्ह्यातून हजला जाणाऱ्या हाजींची तिकडची व्यवस्था जेद्दाची ही कचेरी पाहते. मुक्काम, दवाखाना, चुकामूक झालेली माणसं शोधणं, सगळं तिच्याकडे. जिथे कॉन्सुलेट नाही तिथे दूतावासातच एक कॉन्सुलर विभाग असतो आणि तीच कामं करतो.

कामांची यादी वाचली की दस्तलेखकाची उपमा किती चपखल होती ते कळतं. परदेशात भारतीय आईबापांच्या पोटी मूल जन्मलं तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे वर्षभराच्या आत त्या जन्माची नोंद कॉन्सुलेटमध्ये करायची. उशीर झाला तर थेट केंद्र सरकारची परवानगी लागते. १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली तिथल्या तिथे लग्न नोंदवता येतं, वधूवरांपैकी एक जण भारतीय असला म्हणजे पुरे. परदेशात लेकाकडे राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाला पेन्शनसाठी हयातीचा दाखला मिळतो. १९४८ च्या एका छोट्या कायद्यानं कॉन्सुलला शपथ देण्याचे आणि कागद साक्षांकित करण्याचे अधिकार दिले आहेत. पासपोर्टचं नूतनीकरण हे तर रोजचंच. ग्रामसेवक, तलाठी, नोटरी, निबंधक आणि अडीनडीला पोलीस पाटील, सगळे एका खुर्चीत बसलेले आहेत असं समजा.

आणि ते मुखत्यारपत्र? १९०८ च्या नोंदणी कायद्याचं तेहतिसावं कलम बघा. मुखत्यारपत्र करून देणारा भारतात राहत नसेल तर ते कोणासमोर झालेलं चालेल याची यादी त्यात आहे. नोटरी, न्यायाधीश, दंडाधिकारी आणि त्यांच्या पंक्तीला भारतीय कॉन्सुल आणि व्हाइस कॉन्सुल. म्हणजे तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या टेबलावरच्या पुस्तकात हा परका वाटणारा शब्द शंभराहून अधिक वर्षं बसलेला आहे. आपल्याला तो दिसला नाही इतकंच. एक बारकावा मात्र अनेकांना महागात पडतो. परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. काकूंच्या धाकट्यानं कागद वेळेवर पाठवला होता, तो कपाटात तसाच राहिला असता तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. दस्तलेखक जाणता होता, म्हणून वेळीच सांगितलं.

कागद गेला की माणूस किती उघडा पडतो, हे आमच्या भागाला कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन मिनिटांनी, भूकंपानं किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं आडवी केली. माणसं गेली त्याचं दुःख मोठं होतंच. पण जी वाचली त्यांना पुढे कित्येक दिवस आपण कोण, आपलं घर कुठलं, आपली जमीन कोणती हे सिद्ध करत फिरावं लागलं. रेशनकार्ड ढिगाऱ्याखाली, सनद ढिगाऱ्याखाली. परदेशात पासपोर्ट हरवलेल्या किंवा मालकानं काढून घेतलेल्या पोराची गत हीच असते. तो जिवंत आहे, पण कोणीच नाही. अशा वेळी कॉन्सुलेट त्याची ओळख पटवून एकदाच परत येण्यापुरता एक कागद देतं. त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणतात. त्या एका पानावर माणूस विमानतळ ओलांडून घरी येतो.

या सगळ्याचा पाया एका आंतरराष्ट्रीय कराराचा आहे. २४ एप्रिल १९६३ ला व्हिएन्ना इथे कॉन्सुलर संबंधांचा करार झाला, १९६७ मध्ये तो लागू झाला आणि भारत १९७७ मध्ये त्यात सामील झाला. एकूण ७९ कलमं. त्यातलं छत्तिसावं कलम प्रत्येक परदेशी जाणाऱ्यानं पाठ करावं असं मला वाटतं. ते सांगतं, परक्या देशात तुम्हाला अटक झाली तर 'तुमच्या कॉन्सुलला कळवू का?' हे तुम्हाला विचारलं गेलं पाहिजे. तुम्ही हो म्हणालात तर विनाविलंब कळवलं गेलं पाहिजे. आणि कॉन्सुलला तुम्हाला भेटण्याचा, बोलण्याचा, पत्र देण्याघेण्याचा, वकील मिळवून देण्याचा हक्क आहे. त्याच्या पुढचं कलम मृत्यूबद्दल आहे. परका माणूस आपल्या हद्दीत मेला तर त्याच्या देशाच्या कॉन्सुलला त्वरित कळवायचं.

छत्तिसावं कलम मोडलं की काय होतं हे एका मराठी घरानं भोगलं आहे, अजून भोगतं आहे. निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्ताननं ३ मार्च २०१६ ला ताब्यात घेतलं. भारताला कळवलं २५ मार्चला, बावीस दिवसांनी. त्या दिवसापासून भारत त्यांना भेटू द्या म्हणून मागणी करत राहिला, उत्तर नकार किंवा अटी. १० एप्रिल २०१७ ला लष्करी न्यायालयानं फाशी सुनावल्याचं जाहीर झालं. भारतीय अधिकाऱ्याला तोवर एकदाही त्यांचं तोंड दिसलं नव्हतं. ८ मे रोजी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १८ मे रोजी न्यायालयानं फाशी थांबवली. भारताची बाजू मांडली नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी, एक रुपया फी घेऊन.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, जाधवांच्या आई आणि पत्नी यांना इस्लामाबादेत भेट दिली गेली. ही भेट मी विसरू शकत नाही. मधे काच होती. बोलणं यंत्रातून. जाण्यापूर्वी दोघींना मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली, कपडे बदलायला लावले. पत्नीचे जोडे परत दिलेच नाहीत. बरोबर आलेल्या भारतीय अधिकाऱ्याला आणखी एका पडद्यामागे, बोलणं ऐकू येणार नाही अशा जागी ठेवलं. आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं दुसऱ्या दिवशी सांगितलं की आईला मातृभाषेत बोलू दिलं नाही, ती मराठीत बोलू लागली की मधेच तोडलं जाई. एकवीस महिन्यांनी दिसलेल्या लेकाशी एक आई दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार? पाकिस्ताननं तेव्हाच स्पष्ट केलं होतं की ही कॉन्सुलर भेट नव्हे. बरोबर आहे. कॉन्सुलर भेट असती तर तो हक्क ठरला असता, आणि हक्कावर कोणाचे उपकार नसतात.

१७ जुलै २०१९ ला हेगचा निकाल आला. पंधरा विरुद्ध एक. विरोधी मत पाकिस्ताननं नेमलेल्या न्यायाधीशांचं. न्यायालयानं म्हटलं, पाकिस्ताननं जाधवांना त्यांचा हक्क सांगितला नाही, भारताला विनाविलंब कळवलं नाही आणि भेटू दिलं नाही. तिन्ही ठिकाणी छत्तिसावं कलम मोडलं. पाकिस्तानचा मुख्य बचाव होता की हेरगिरीचा आरोप असलेल्याला हे कलम लागूच नाही. न्यायालयानं तो फेटाळला, कारण कलमात असा अपवाद कुठेच लिहिलेला नाही. हा मुद्दा फार मोलाचा आहे. आरोप काय आहे यावर हा हक्क अवलंबून नाही. चोर, खुनी, हेर, निर्दोष, कोणीही असो, त्याला आपला माणूस भेटलाच पाहिजे. भारतानं सुटकाही मागितली होती, ती मिळाली नाही. जाधवांना त्यांचा हक्क सांगा, भारताला भेटू द्या आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढाच आदेश झाला. निकालाचा अर्धा भाग आपण टाळ्या वाजवून वाचला आणि उरलेला अर्धा वाचायचा राहिला, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

२ सप्टेंबर २०१९ ला भारताच्या अधिकाऱ्याला पहिली भेट मिळाली. पाकिस्ताननं मुद्दाम जाहीर केलं की भाषेवर बंधन ठेवलेलं नाही. पण पाकिस्तानी अधिकारी समोर होते आणि सगळं ध्वनिमुद्रित होत होतं. जाधव कमालीच्या दबावाखाली दिसत होते, असं भारतानं सांगितलं. जुलै २०२० मधल्या दुसऱ्या भेटीत वकिलासाठी त्यांची लेखी संमतीही घेऊ दिली नाही, आपले अधिकारी निषेध करून उठून आले. हे लिहिताना जाधव पाकिस्तानच्याच कैदेत आहेत.

यापूर्वी जगानं हाच धडा अमेरिकेकडूनही घेतला होता. अ‍ॅरिझोनात दोन जर्मन भावांना १९९९ मध्ये मृत्युदंड दिला गेला, आणि जर्मन कॉन्सुलला वेळेवर कळवलंच नव्हतं. २००१ मध्ये हेगच्या न्यायालयानं सांगितलं की हा हक्क देशाचा तर आहेच, त्या माणसाचाही स्वतःचा आहे. २००४ मध्ये मेक्सिकोच्या ५१ कैद्यांच्या बाबतीत तेच. बलाढ्य देशही हे कलम विसरतात. आणि आपणही त्या करारात आहोत, हे इथल्या पोलीस ठाण्यांनी लक्षात ठेवायला हवं. आपल्या हद्दीत परदेशी माणूस पकडला तर त्यालाही हा प्रश्न विचारावा लागेल. आपल्या पोरांसाठी जे मागायचं ते दुसऱ्याच्या पोरांना द्यायला हवं.

कॉन्सुल स्वतः किती सुरक्षित असतो? राजदूताएवढा नाही. २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये आपल्या उपमहावाणिज्य दूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, झडती घेतली गेली आणि दिल्लीपर्यंत वादळ उठलं. घरकामाच्या बाईच्या व्हिसा अर्जात पगाराची खोटी माहिती दिल्याचा आरोप होता. त्या वेळी तिथले महावाणिज्य दूत होते ज्ञानेश्वर मुळे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे. दोन मराठी माणसं त्या एका कचेरीत होती. कॉन्सुलला संरक्षण मिळतं ते फक्त पदाच्या कामापुरतं, राजदूतासारखं पूर्ण नाही. म्हणून खोब्रागडे यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय प्रतिनिधिमंडळात केली गेली, पूर्ण संरक्षण मिळालं आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या मायदेशी परतल्या. झडतीचा अपमान खरा होता, माझ्याही मनाला लागला. पण त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांतून एक गोष्ट फारशी आली नाही. पगाराची तक्रार करणारी बाईही भारतीयच होती. कॉन्सुलेट तिचंही होतं.

मुळे पुढे परराष्ट्र मंत्रालयात पासपोर्ट आणि कॉन्सुलर कामाचे सचिव झाले. जानेवारी २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं उघडायला लागली ती त्यांच्याच कारकिर्दीत. खेड्यातल्या माणसासाठी पासपोर्ट म्हणजे पूर्वी पुण्या-मुंबईचा हेलपाटा, मुक्काम आणि एजंट. तो जवळ आला, हे मोठं काम. परदेशी जाणारा माणूस आपल्या गावातून निघतो, आणि त्याची काळजी तिथूनच सुरू व्हायला हवी, हे ज्याला खेडं माहीत आहे त्यालाच सुचतं.

या काळजीचा एक भाग पासपोर्टवरच दिसतो. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शिक्का असतो. आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची स्थलांतर मंजुरी लागते. हा अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे. मंजुरीसाठी लेखी करार आणि विमा लागतो, आणि एजंट मधे असेल तर तो नोंदणीकृतच लागतो. एजंट म्हणतो, एवढं कशाला, व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बघू. इथेच घात होतो. व्हिजिट व्हिसावर राबणाऱ्याकडे करार नसतो, तक्रार करायची तर तोच गुन्हेगार ठरतो.

कॉन्सुलला काय जमत नाही हेही सांगायला हवं, नाहीतर घरच्यांची निराशा होते. तो तुरुंगाचं कुलूप उघडू शकत नाही, तिथल्या न्यायाधीशाला सांगू शकत नाही, मालकाकडून पगार हिसकावून घेऊ शकत नाही. तिथल्या कायद्याचा मान ठेवणं त्याला बंधनकारक आहे. पण तो तुरुंगात जाऊन भेटू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो, मालकाला बोलावून घेऊ शकतो. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजूला तिकीट, कायदेशीर मदत आणि वेळ आली तर मृतदेह घरी आणण्याचा खर्च त्यातून मिळू शकतो. परदेशांतल्या तुरुंगांत आज सुमारे दहा हजार भारतीय आहेत. अनेक देशांत कैद्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती आपल्या कचेरीला देत नाहीत. म्हणजे पोरानं तोंड उघडून 'माझ्या कॉन्सुलला कळवा' असं म्हटलं नाही, तर तो तिथे आहे हे कोणाला कळणारच नाही.

मृतदेह आणणं हे या कचेऱ्यांचं सगळ्यात जड काम. तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, रासायनिक प्रक्रियेचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, कॉन्सुलेटचं ना-हरकत पत्र आणि इथून घरच्यांचं संमतिपत्र. त्या संमतिपत्रावर इथे गावात, ओसरीवर बसून, बायकोला किंवा बापाला सही करावी लागते. घरात रडारड चालू असताना कोणाला तरी शुद्धीवर राहून हे कागद जुळवावे लागतात. शेजारी, शिक्षक, सरपंच, जो कोणी चार ओळी नीट वाचू शकतो त्यानं तेव्हा पुढे व्हायला हवं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा करता येतो. ते काम मोबाइलवर, गावात बसूनही होतं.

काकूंचा व्यवहार पार पडला. दुबईहून आलेल्या मुखत्यारपत्रावर अशोकस्तंभाचा शिक्का होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्या सायबानं बघितला म्हनायचा माझा लेक. दोन वर्सात मी नाही बघितला."

तेव्हा माकणीच्या, सास्तूरच्या, लोहाऱ्याच्या आणि कुठल्याही गावच्या आईबापांना विनंती आहे. पोरगं परदेशी निघालं की लाडू-चिवड्याच्या डब्याआधी तीन गोष्टी करा. पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या झेरॉक्स काढून घरात पत्र्याच्या पेटीत ठेवा. ज्या शहरात तो चालला तिथल्या भारतीय कचेरीचा फोन नंबर भिंतीवर लिहा आणि त्याच्याही फोनमध्ये भरून द्या. आणि एक वाक्य त्याच्याकडून हिंदीत आणि इंग्रजीत घोकून घ्या : मी भारतीय आहे, माझ्या कॉन्सुलला कळवा.